जनरल फाल्दिनींची तिसरी प्रत

जनरल फाल्दिनींनी छत्रीला सलाम केला, तेव्हा मी त्यांना मोजत होतो.

मोजत होतो म्हणजे खरोखरच मोजत होतो. रोज सकाळी दहा वाजता अकरा इटालियन जनरल मैदानात ओळीने उभे राहायचे आणि मी, त्र्यंबक काशिनाथ खांबेटे, राहणार मिरज, इंटर आर्ट्सला दोनदा नापास, त्यांना एक ते अकरा मोजून वहीत ‘अकरा’ असं लिहायचो. कोंबड्या खुराड्यात परतल्या की नाही हे पाहावं, तसं. हिमालयाच्या पायथ्याशी आमची युद्धकैद्यांची छावणी होती. युद्ध संपून पाच महिने झाले होते. पळून जावं असं कुणाला वाटत नव्हतं, कारण पळून जाऊन गाठायचं ते इटलीतलं सरकारही एव्हाना दोनदा बदललं होतं. पण मोजणी चालू होती. एखादी गोष्ट बंद करा असा कागद येईपर्यंत ती चालू ठेवायची, हे मी त्या नोकरीत शिकलो.

तर त्या जानेवारीच्या सकाळी छावणीप्रमुख कॅप्टन प्रेंटिस यांच्या पत्नी नेहमीप्रमाणे कुंपणाबाहेरच्या रस्त्याने फिरायला निघाल्या. हातात जांभळी, झालरीची, रेशमी छत्री. ओळीतल्या सातव्या जागेवरून जनरल फाल्दिनी एक पाऊल पुढे आले, बुटांच्या टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. हात कपाळापाशी तसाच. छत्री वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो हात खाली आला नाही.

“बघलंस रायटर?” माझ्या कानाशी धोंडजी पुटपुटला. “फळदेसायान परत सलाम ठोकल्यान.”

धोंडजी सावंत हा आमचा पहाऱ्याचा हवालदार, सावंतवाडीकडचा. फाल्दिनी हे नाव त्याच्या जिभेवर ठरेना, म्हणून त्याने ते गावाकडच्या एका आडनावात बसवून टाकलं होतं.

“मेमसाहेबांना केला. जुन्या वळणाचा माणूस आहे,” मी म्हटलं.

“खंय मेमसायबाक? तो तिच्या तोंडाकडे बघता काय? छत्रीकडे बघता.”

मिसेस प्रेंटिसना मात्र शंका नव्हती. त्यांचं वय पन्नाशीचं, आणि कॅप्टनसाहेबांचं सगळं लक्ष गुलाबांच्या कलमांवर. महिनाभरापूर्वी एका ढगाळ सकाळी त्या छत्रीशिवाय आल्या होत्या, तेव्हा जनरल ढिम्म उभे राहिले. ढगाळ हवेत जनरलसाहेबांना बरं वाटत नसावं, असा त्यांनी अर्थ लावला. तेव्हापासून त्या आभाळ कसंही असलं तरी छत्री घेत. आम्ही कारकून मंडळी या प्रकरणावर पोट धरून हसायचो. सगळ्यात मोठ्याने मी.

त्याच आठवड्यात हुकूम आला. जनरल मंडळींना मायदेशी नेणारी बोट महिनाअखेरीला मुंबईहून सुटणार होती. तत्पूर्वी प्रत्येकाचा ‘सेवेचा तपशील’ टाइप करून त्यावर सही घ्यायची. कमिशन मिळाल्या दिवसापासून पकडले जाईपर्यंत माणूस कुठे कुठे होता, तारीखवार. तीन प्रती. एक दिल्लीला, एक लंडनला आणि तिसरी ज्याची त्याला. आणि ठळक अक्षरांत सूचना: एकही तारीख रिकामी सोडू नये. तपशील अपुरा असेल त्याचं नाव बोटीच्या यादीतून निघेल आणि चौकशी होईपर्यंत तो इथेच राहील.

हे काम माझ्याकडे आलं, कारण छावणीत मिनिटाला पंचेचाळीस शब्द टाइप करणारा मीच होतो. जनरल सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. एकाने ‘माघार’ हा शब्द चार वेळा बदलून घेतला. शेवटी ‘मागच्या दिशेने केलेली आगेकूच’ यावर आमचं जमलं. दुसऱ्याला आपल्या घोड्याचं नाव घालायचं होतं. मी घातलं. घोड्याची कारकीर्द त्याच्यापेक्षा बरी होती.

फाल्दिनींची गोष्ट वेगळी. एकसष्ट वर्षांचे, काटकुळे, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या. तरुणपणी लंडनच्या वकिलातीत तीन वर्षं काढलेली, त्यामुळे इंग्रजी स्वच्छ. ते विरामचिन्हांसकट सांगायचे. “अठराव्या वर्षी लष्करी विद्यालयात प्रवेश, स्वल्पविराम, तिथून तोफखान्यात, पूर्णविराम.” मग लिबियातली लढाई, पोटरीतून आरपार गेलेली गोळी. मग पहिलं महायुद्ध: एकाच नदीच्या काठी अकरा लढाया.

“अकरा लढायांत किती पुढे गेलात, सर?” मी विचारलं.

“तुमच्या गावाहून पुढचं स्टेशन किती लांब आहे, सिन्योर काम्बेत्ते?”

“चार-पाच मैल असेल.”

“तिथपर्यंत. सगळीकडे नाही.” आणि मग त्याच आवाजात, “त्याबद्दल रौप्यपदक, पूर्णविराम.”

मग इटलीने जिंकलेलं ॲबिसिनिया, म्हणजे आजचं इथिओपिया. मग एकेचाळीस साली पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगरावर शरणागती. त्या डोंगराच्या वरच्या अंगाला फाल्दिनी होते आणि खालून वर चढणाऱ्या मराठा पलटणीत धोंडजी होता. “दोन बोटां थंयच ठेवन इलंय,” असं तो डावा हात नाचवत सांगायचा. दुपारी दोघं मातीत तो डोंगर काढून भांडत बसायचे. हा मराठीत आणि तो इटालियनमध्ये. एकमेकांचं अवाक्षर न कळता दोघांचं एकमत व्हायचं की तोफा पन्नास हात डावीकडे असत्या, तर आज धोंडजीच्या पोराला बाप नसता. मग दोघं चहा प्यायचे.

अडलं ते चौथ्या पानावर.

“एकोणीसशे सदतीस,” मी वाचलं. “दोन नोव्हेंबरपर्यंत तुम्ही ब्रिगेडच्या मुख्यालयात. चौदा नोव्हेंबरला पुन्हा मुख्यालयात. तीन ते तेरा?”

“पुढे चला.”

“रिकामं चालत नाही, सर.”

“आडवी रेघ मारा.”

“रेघही चालत नाही. पलीकडच्या छावणीतला एक फॉर्म रेघेपायी परत आला.”

जनरल हसले. “डोंगरावर तुमच्या हवालदाराने मला अडवलं तेव्हा त्याच्यापाशी बंदूक होती. तुमच्यापाशी काय आहे?”

“फॉर्म आहे, सर.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्रांची जुडी काढली. सगळ्यात जुनं पत्र पाच वर्षांपूर्वीचं, मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक अक्षर. पुढचं थोडं मोठं. त्याच्या पुढचं आणखी मोठं. शेवटच्या पत्रात अख्ख्या पानावर चार शब्द होते, लहान मुलाने पाटीवर गिरवावेत एवढाले.

“माझी बायको एर्सिलिया,” ते म्हणाले. “डोळे जाताहेत. डॉक्टर म्हणतो उन्हाळ्यापर्यंत. वाचा.”

“मला इटालियन येत नाही.”

“लवकर ये. अंधार होतोय.” त्यांनी पत्रं पुन्हा क्रमाने लावली. “उद्या सकाळी येतो.”

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, छत्री गेली, सलाम झाला, आणि जनरल माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“मी विचार केला,” ते म्हणाले. “ती मला बघेल. पण बघेल काय? घ्या कागद.”

मी तीन कागद घेतले, मध्ये दोन कार्बन सरकवले आणि ती चवड टाइपरायटरमध्ये फिरवली. हात थोडे घाईत होते.

“तीन नोव्हेंबर, अपूर्णविराम. रस्ता बांधणारे आमचे नऊ जण एका खोऱ्यात मारले गेले, पूर्णविराम. मारणारे सापडले नाहीत, पूर्णविराम. जवळचा मठ आणि त्याखालचं गाव यांना शिक्षा करावी असा वरून हुकूम आला, स्वल्पविराम, जवळचा म्हणजे दोन खोरी पलीकडचा, पूर्णविराम. हे ते लोक नव्हेत हे मला ठाऊक होतं, पूर्णविराम. हुकुमावर मी सही केली, पूर्णविराम.”

मी टाइप करत होतो. बोटं आपोआप चालतात. टाइपिंगच्या क्लासात तेच तर शिकवतात.

“ज्याने सही केली त्याने पाहावं, या विचाराने मी स्वतः गेलो, पूर्णविराम. दहा तारखेला पोचलो, पूर्णविराम. त्या दिवशी त्यांचा सण होता, पूर्णविराम. जनरल सणाला आलाय असं त्यांना वाटलं, पूर्णविराम. एका म्हातारीने मला भाकरी दिली, पूर्णविराम. मी खाल्ली, पूर्णविराम.”

ते खिडकीपाशी गेले.

“दुपारी मठातून मिरवणूक निघाली, पूर्णविराम. त्यांचे पुजारी मोठमोठ्या छत्र्या धरून चालतात. भरजरी. लाल, हिरव्या, जांभळ्या.”

आपल्याकडे देवाच्या पालखीवर अब्दागिरी धरतात तशा असणार, असं माझ्या मनात आलं. जनरल विरामचिन्हं सांगायचे थांबलेत, हेही तेव्हाच लक्षात आलं. ती मी आपल्या मनाने घालू लागलो.

“मशीनगनी भिंतीआड होत्या. मी हात वर केला की सुरू करायचं असं लेफ्टनंटला सांगून ठेवलं होतं. मी हात वर करणार होतो की नाही, ते मला माहीत नाही. आठ वर्षं मी स्वतःला तेच विचारतोय. मिरवणूक माझ्यासमोर येऊन थांबली. सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने मला मान दिला. असा, वाकून. आणि मी...”

त्यांनी उजवा हात वर उचलला. कपाळापाशी नेला. आणि त्या हाताकडे, कुणी दुसऱ्याने तो तिथे आणून ठेवावा तसे, तिरप्या डोळ्यांनी पाहत राहिले.

“सवय. कुणी मान दिला की सलाम करायचा, हे मला अठराव्या वर्षी शिकवलं. लेफ्टनंटला वाटलं, हाच इशारा.”

बाहेर धोंडजी कुणाला तरी सरपण नीट रचायला सांगत होता.

“माझा हात खाली यायच्या आत संपलं होतं,” जनरल म्हणाले. “वारा होता. एक छत्री गरगरत माझ्या पायाशी आली. जांभळी. मी ती मिटायला गेलो. मला ती मिटताच येईना. कळ कुठे असते तेच सापडेना. माणसं दोनशे सहा, हा आकडा शिपायांनी मोजलेला. मी माणसं मोजली नाहीत. मी छत्र्या मोजल्या. चौदा.” ते थांबले. “पूर्णविराम.”

मी कागद काढले. बाकी कशाहीआधी एक गोष्ट दिसली आणि कारकुनाच्या जातीला ती आधी दिसावी हे स्वाभाविक आहे. तिसरी प्रत कोरी होती. दुसरा कार्बन मी उलटा घातला होता. शिकाऊ टायपिस्टची चूक. गेल्या दोन वर्षांत मी ती एकदाही केली नव्हती.

“हे पाठवलं तर बोट गेली, सर,” मी म्हटलं.

“हो. बोट गेली.” त्यांचा चेहरा मात्र आदल्या दिवसापेक्षा हलका दिसत होता.

कॅप्टन प्रेंटिसनी ते पान दोनदा वाचलं. शेकोटी पेटलेली होती. टेबलावर गुलाबाच्या कलमांची यादी.

“सुरेख टाइप केलंय,” ते म्हणाले. “एक चूक नाही. तिसरी प्रत कोरी कशी?”

“कार्बन उलटा गेला, सर.”

“बरं झालं. एक कमी जाळावी लागेल.” आणि त्यांनी उरलेल्या दोन प्रती शांतपणे शेकोटीत सरकवल्या. कोरा कागद माझ्या हातात परत दिला. “कागदाची टंचाई आहे. हा वापरा.”

मी तसाच उभा राहिलो.

“खांबेटे, फायलींना भावंडं असतात,” ते म्हणाले. “ही फाइल वर गेली की कुणीतरी विचारणार, बाकीच्या दहांनी काय केलं? मग इटालियन विचारणार, तुम्ही तुमच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत काय केलंत? मग मला कुणीतरी बोलावणार. आणि तिकडे ती बाई आंधळी होतेय. तिची पत्रं मी पाच वर्षं तपासतोय. फॉर्ममध्ये ‘कुठे होता’ एवढंच विचारलंय ना? त्या मुलखात मलेरिया फार. अकरा दिवस मलेरिया पुरतो.”

“पण सर, मला कसं...”

“दिवाळीला तुम्ही कारकुनांसाठी तो फार्स लिहिलात. त्यातला डॉक्टर अजून आठवतो मला. तुमचा हात चांगला आहे. जनरल सही करत नसतील तर नका करू म्हणावं. आपण सोय करतोय. सक्ती नाही.”

मला कसली बढती मिळणार नव्हती, आणि नाही म्हटलं असतं तर फाशीही होणार नव्हती. नवरा दिसावा म्हणून एक बाई वाट पाहतेय, हे मनात होतं आणि खरं होतं. पण मी खोलीत जाऊन टाइपरायटरसमोर बसलो तेव्हा ती बाई मनात नव्हती. हात चांगला आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं.

मी नुसतं ‘मलेरिया’ लिहून थांबलो असतो तरी फॉर्म भरला असता. मी थांबलो नाही. मी दवाखान्याचा तंबू उभा केला. ताप एकशे चारवर नेला. कोयनेलच्या गोळ्यांनी कान गुणगुणतात हे मला माहीत होतं, तर जनरलच्या कानांत गावच्या चर्चची घंटा वाजवली. मच्छरदाणीला भोक पाडलं आणि तापाच्या भरात जनरलना ते भोक म्हणजे तारा वाटला. उशाशी एक ख्रिस्ती जोगीण बसवली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारी. तिचं नाव सिस्टर आन्येझे. दहा तारखेला, ज्या दिवशी सण होता त्या दिवशी, जनरलना शुद्ध नव्हती आणि सिस्टर रात्रंदिवस उशापासून हलली नाही. बारा तारखेला घाम फुटून ताप उतरला. एकंदर पान उत्तम जमलं. तीन प्रती काढल्या. तिसरीला तोच कोरा कागद वापरला. कार्बन दोनदा तपासून पाहिला.

धोंडजीला मी ते मराठीत वाचून दाखवलं. आधीच्या पानाबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं.

“मेल्या, माकाच हींव भरला!” तो खूष होऊन म्हणाला. “ती सिस्टर खूप बरी असा हां. फळदेसायान लगीन करूक होया होता तिच्याशी.”

मी हसलो. खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरल सहीला आले. त्यांना वाटत होतं सही कालच्या पानावर करायचीय. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, परत पहिल्या ओळीवर गेले, पुन्हा वाचलं.

“हे काय आहे?”

“कॅप्टनसाहेब म्हणाले... सक्ती नाही, सर. सही केलीत तर गुरुवारची गाडी. नाही केलीत तर कालचं पान पुन्हा टाइप करून देतो.” हे मी खरंच म्हणालो होतो. अजून आठवतं, म्हणजे म्हणालोच असणार.

“सिस्टर आन्येझे कोण?”

“अशी कुणी नाही, सर. मी केली.”

“तुम्ही केली.” त्यांनी ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. “चांगली बाई केलीत. रात्रंदिवस उशाशी बसली.” खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. “एर्सिलियाला आवडेल ही.”

त्यांनी पहिल्या प्रतीवर सही केली. दुसऱ्या प्रतीवर सही केली. तिसरी पुढे ओढली आणि त्यांचा अंगठा कागदावर थांबला. सरकला. पुन्हा मागे आला. त्यांनी तो कागद उचलून खिडकीच्या उजेडात आडवा धरला.

तेव्हा मलाही दिसलं. कार्बन उलटा असला तरी टाइपरायटरच्या खिळ्यांचा ठोका खालपर्यंत पोचतो. कोरा म्हणून परत आलेला तो कागद कोरा नव्हता. माझ्या निळ्या अक्षरांतल्या तंबूखाली, तापाखाली, सिस्टर आन्येझेच्या पायांखाली बिनशाईच्या ओळी उमटलेल्या होत्या. तिरप्या उन्हात एक एक अक्षर खळगा होऊन दिसत होतं.

जनरलनी माझ्याकडे पाहिलं. मी हे मुद्दाम केलं, असं त्यांना वाटलं असावं. मी तो समज खोडून काढला नाही.

“ही तिसरी माझी ना?”

“हो सर. नियमाप्रमाणे.”

त्यांनी तिच्यावरही सही केली. पत्रांच्या जुडीत, सगळ्यात शेवटच्या पत्रामागे ती घडी करून ठेवली. जाताना, गाडीत ओळख झालेला माणूस मागतो तसा माझा मिरजेचा पत्ता मागितला आणि आपल्या डायरीत लिहून घेतला.

गुरुवारी सकाळी ट्रक आले. अकरा जनरल शेवटची मोजणी द्यायला उभे राहिले. लख्ख ऊन होतं. मिसेस प्रेंटिस आज कुंपणाबाहेरून न जाता आत आल्या. नवीन हातमोजे घातले होते आणि जांभळी छत्री पुरती उघडली होती. ओळीसमोरून त्या सावकाश चालल्या. सातव्या जागेपाशी आल्या आणि थबकल्या. त्यांनी मान किंचित झुकवली.

जनरल फाल्दिनींचे हात दोन्ही बाजूंना सरळ होते. ते तसेच राहिले.

बाई आणखी क्षणभर थांबल्या. मग पुढे गेल्या. ट्रक निघून गेल्यावर त्यांनी मला गाठून विचारलं, “खांबेटे, माझं काही चुकलं का?”

“नाही, मॅडम,” मी म्हणालो. “त्यांना बरं नव्हतं.”

धोंडजी रस्त्यावरच्या धुळीकडे बघत होता. “रायटर, आज सलाम नाय केल्यान,” तो म्हणाला. “असो कसो?”

मी वहीत ‘अकरा’ लिहिलं, मग ते खोडून ‘शून्य’ लिहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. लोक हसले, मलाही बरं वाटलं. मुलाखतीला येणारी मंडळी विचारतात, तुमचं पहिलं लेखन कोणतं? मी दिवाळीचा फार्स सांगतो. लग्नात, सभेत, कुठेही घडीव दांड्याची मोठी छत्री कुणी उघडली की माझा उजवा हात मी खिशात घालतो; ही लकब आहे असं समजून एका व्यंगचित्रकाराने माझं तसं चित्रही काढलं.

तीस वर्षांनी इटलीहून एक पाकीट आलं. मिरजेच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं, तिथून तीन पोस्टमननी तीन शाईंत पत्ता बदलत पुण्याला पाठवलेलं. पत्र जनरलच्या नातीचं होतं, शाळेत शिक्षिका, इंग्रजी साधं आणि नीट. आजोबा जाऊन अठरा वर्षं झाली. गावाने चौकात त्यांचा अर्धपुतळा उभारला आहे आणि त्यांच्या कारकिर्दीवर एक पुस्तिका काढली आहे, सोबत पाठवत आहे.

पुस्तिका मला वाचता येईना, पण एका पानावर ‘आन्येझे’ हे नाव मला ओळखू आलं. नातीने पत्रात खुलासा केला होता. आफ्रिकेत आजोबांचा जीव वाचवणारी ही जोगीण कोण, याचा गावच्या पाद्रीबुवांनी शोध लावला. शेजारच्या तालुक्यात त्या नावाची एक जोगीण होऊन गेली होती. आता दवाखान्याच्या भिंतीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. आजारी माणसं तिला हात लावून आत जातात.

“पण मी वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे,” नातीने पुढे लिहिलं होतं. “माझी आजी गेल्या वर्षी वारली. आजोबा परत आले तेव्हा तिला अजून थोडं दिसत होतं. ती म्हणायची, मी त्यांना सात महिने डोळ्यांनी पाहिलं, मग हातांनी. आजोबा गेल्यावर तुमच्या छावणीतला तो टाइप केलेला कागद तिने स्वतःकडे घेतला. रोज दुपारी ती त्याच्यावरून बोटं फिरवत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. आम्ही वाचून दाखवतो म्हटलं की रागवायची. म्हणायची, वर लिहिलंय ते मला पाठ आहे, खाली काय लिहिलंय ते सांगा. आम्हाला खाली काहीच दिसत नाही. कागदाच्या तळाशी टायपिस्टची आद्याक्षरं आहेत, आणि आजोबांच्या डायरीत तुमचा पत्ता. आजीच्या बोटांनी आता तो कागद गुळगुळीत झाला आहे. खाली काय होतं, ते तुम्ही सांगू शकाल का?”

हे पत्र येऊन अकरा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. कधी प्रकृतीचं कारण होतं, कधी प्रवासाचं; कारणं मला चांगली सुचतात.

धोंडजीला एकदा सगळं सांगितलं होतं, तो पुण्याला लेकीकडे आला असताना. पार म्हातारा झालेला. त्याने ऐकून घेतलं, तीन बोटांचा हात गुडघ्यावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, “म्हणजे तो रोज सलाम करून बघी होतो. कोण पडता काय म्हणान.”

परवा त्याच्या लेकीचं कार्ड आलं. धोंडजी गेला. आता त्या मैदानात उभं असलेलं, मी सोडून, कुणी उरलं नसावं.

आज सकाळी जुना टाइपरायटर माळ्यावरून काढून घेतला. तीन कागद घेतले: एक नातीला, एक त्या गावच्या पाद्रीबुवांना आणि तिसरा माझा मला. मध्ये दोन कार्बन घातले. सुलटे गेलेत ना, ते उजेडात धरून दोनदा पाहिलं.

मग पहिली ओळ टाइप केली.

छत्र्या चौदा होत्या.